नाइस म्हणायचं नाही

आमच्या शेजारच्या दारातल्या बेहेरे सरांकडे चहाला जायचं तर एक पथ्य पाळावं लागतं. राजकारणावर बोला, त्यांच्या गुडघ्यांवर बोला, हवं तर त्यांच्या टकलावर बोला. फक्त 'नाइस' म्हणायचं नाही. मी सदाशिव पेठेत राहायला आले तेव्हा हे मला कुणी मेल्याने सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांच्या उंबऱ्यात उभी राहून मी म्हटलं, "अय्या, घर किती नाइस आहे हो!"

सर खुर्चीतून पुढे सरकले. "नाइस म्हणजे? टापटीप? ऐसपैस? हवेशीर? की काहीतरी बोलायला हवं म्हणून?"

"हवेशीर," मी घाबरून म्हटलं.

"मग तसं म्हणा ना. नेमकं बोला, वैशालीबाई! हवेशीर म्हणता, तर पंखा कशाला हवा?" असं म्हणून त्यांनी खरंच उठून पंखा बंद केला. ऐन मे महिना. चहा संपेपर्यंत माझा पदर ओला झाला.

सरांनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. 'माय मदर इज नाइस, माय स्कूल इज नाइस, द काऊ इज ऑल्सो नाइस' असले निबंध तपासून तपासून त्यांचं डोकं उठलं होतं. "आई काइंड असते," ते बोटांवर मोजत सांगायचे, "बाग प्लेझंट असते, आमटी टेस्टी असते, अक्षर नीट असतं, गाय जेंटल असते. नाइस म्हणणाऱ्या गाढवाने आईही बघितलेली नसते आणि गायही!"

निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, म्हणून त्यांनी आमची बिल्डिंग धरली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी नातवाचा फोटो टाकला, की खाली 'नाइस', 'नाइस' सुरू व्हायचं. सर एकेकाला गाठून विचारायचे, 'म्हणजे मूल गुटगुटीत आहे, हसरं आहे, की निव्वळ झोपलेलं आहे?' हळूहळू लोक फक्त अंगठा दाखवायला लागले. त्यावरही त्यांचं म्हणणं होतंच, पण ते जाऊ दे.

एवढा दरारा, आणि फितुरी मात्र घरातच! सरांच्या बायकोला, सुमनकाकूंना, सगळं जग नाइस होतं. नवा सदरा घालून सर विचारायचे, "कसा दिसतो?"

"नाइस."

"सुमन, नेमकं बोल."

"नेमकंच बोलले," म्हणत काकू माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. सर तणतणत आत जायचे, आणि काकूंचा दिवस मजेत जायचा. दोघांचं बोलणं म्हणजे हे असं भांडण. दिवसभर चालायचं, भिंतीतून मला ऐकू यायचं, आणि खरं सांगते, त्याच्यावाचून मला करमायचं नाही.

त्यांच्या मुलीला, मृदुलाला, बघायला मंडळी आली तेव्हा चहा द्यायला मीच होते. मुलाचे वडील बिचारे सौजन्याने म्हणाले, "पोहे नाइस झालेत."

"खमंग, मऊ, की नुसतेच गरम?" सरांनी विचारलं.

"अहो, म्हणजे… सगळंच."

"सगळंच कसं असेल?"

त्या गृहस्थांचा चमचा हवेतच राहिला. मृदुलाचा चेहरा पडला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. "पोहे नाइस, मुलगा नाइस, आणि आमच्या मुलीला तो आवडलाय. आणखी काय नेमकं हवंय?" लग्न तिथेच ठरलं. सर मंगलाष्टकांपर्यंत घुश्श्यात होते.

त्याच काकूंना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पायात हळूहळू बळ आलं, वाचा मात्र गेली. भिंतीपलीकडचं भांडण थांबलं. मला ती शांतता सहन व्हायची नाही, मग सरांचं काय होत असेल? शब्द परत येतील का, एवढा एकच प्रश्न त्या घरात उरला होता. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या गेल्या, की सर स्वतः खुर्ची ओढून बसायचे. "सुमन, हा कप. म्हण, कप." काकू घामाघूम व्हायच्या. ओठ हलायचे, शब्द नाही.

एका सकाळी मी तिथेच होते. सरांनी पुन्हा कप उचलला. "हे काय आहे?" काकूंनी कपाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि अगदी स्वच्छ म्हणाल्या, "नाइस."

सरांनी कप खाली ठेवला आणि मोठ्याने नाक शिंकरलं. मला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर दुसरा शब्द आलाच नाही. असं होतं म्हणे, तोंडात बसलेला एखादाच शब्द शिल्लक राहतो. पण राहून राहून हाच राहावा? या माणसाचा संसार आता या एका शब्दावर कसा चालायचा, याची मला धास्तीच वाटली.

परवा गव्हाची खीर घेऊन गेले. काकूंनी चमचाभर घेतली. "नाइस."

"आवडली!" मी खुश.

"छे," सर म्हणाले, "जायफळ जास्त झालंय."

"कशावरून?"

"शेवटी सूर खाली गेला. आवडली असती तर वर गेला असता."

मी चाखून बघितली. जायफळ खरंच सढळ हाताने पडलं होतं.

"शब्द लांबवला, की उशी सरकवायची," सर शिकवायच्या रंगात आले. "तुटक आला, की खिडकी लावायची. लागोपाठ दोनदा, म्हणजे मृदुलाला फोन. आणि मी नवा सदरा घातला, की जो येतो, तो शुद्ध चावटपणा!" काकू अर्ध्या ओठाने हसल्या. खीर हनुवटीवर ओघळली. सरांनी ती रुमालाने टिपली. मग काकूंनी बरा हात उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "नाइस."

तो वर गेला नाही, खाली गेला नाही, लांबलाही नाही.

"आणि हा हो, सर?" मी विचारलं.

सरांचे कान लाल झाले. रुमालाची घडी घालायची होती, पण मनगट सोडवून घेववेना.

"हा तुमच्या अभ्यासक्रमाला नाही," ते म्हणाले. "चहा घ्या, निवतोय."