चंपाबाईंचं शेत जेवायला गेलं

चंपाबाई वाकचौरे यांचं वीस गुंठ्यांचं शेत शनिवारी संध्याकाळी शहरातल्या क्लबात जेवायला गेलं. आगंतुकासारखं गेलं नाही, रीतसर आमंत्रण होतं. 'थेट शेतातून ताटात' असा सोहळा होता आणि 'स्थानिक शेतकऱ्यांनी आपल्या शेतासह अगत्य यावे' असं छापलेलं होतं. बाकीचे शेतकरी हुशार, त्यांनी शेताचे फोटो मोबाईलमध्ये आणले. चंपाबाईंना मेलं तसलं काही सुचत नाही. त्यांनी ढेकळं फोडली, गवत उपटलं, शेताची सतरंजीसारखी घडी घातली आणि टेम्पोत घालून आणलं.

निघताना त्यांनी नवऱ्याला, भिवाजींना, बजावलं होतं, "जागा सोडून हलू नका. शेजारचा रंगनाथ टपूनच बसलाय. आजवर नुसता बांध कोरायचा, आता तर मैदानच मोकळं!" भिवाजींनी रिकाम्या जागेवर उपरणं टाकलं, एसटीत टाकतात तसं, आणि त्यावर आडवे झाले.

क्लबाच्या अध्यक्ष अनुराधाताई दिघे यांनी शेताला पहिल्या रांगेत बसवलं. ते मावेना, म्हणून मागच्या रांगाही उठवल्या. तिथले शेतकरी हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभे राहिले. सोहळा त्यांच्याच गौरवाचा असल्यामुळे कुणी कुरकुर केली नाही.

शेताला शाल पांघरली, नारळ दिला आणि चार शब्द बोलायची विनंती केली. शेत म्हणालं, "आज मी जे काही आहे, ते स्वतःच्या कष्टांवर." टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ऐकलंत?" बेसिनपाशी चंपाबाई पुटपुटल्या. "खुरपून खुरपून माझी कंबर गेली, आणि कष्ट याचे!"

मग जेवण आलं. मोठ्या पांढऱ्या ताटात मेथीची तीन पानं आणि बाजूला पिठल्याचा एक ठिपका. शेतानं पान चाखलं आणि विचारलं, "हे कुठलं?"

"तुमचंच," अनुराधाताई म्हणाल्या.

"आमचं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही कधी."

तीन पानांत शेत 'मी'चं 'आम्ही' झालं होतं. चंपाबाई पुढं झाल्या. "चल, ऊठ रे बाबा. टेम्पोवाला खोळंबलाय. उद्या गहू पेरायचाय."

"म्हणजे पुन्हा नांगर?"

"मग काय अत्तर शिंपडू?"

शेतानं शेजारच्या फरशीकडे पाहिलं. "यांना कुणी नांगरत नाही," ते विचार करत म्हणालं.

"तुम्ही राहा हो इथंच," अनुराधाताई म्हणाल्या. "आम्ही फक्त लॉन लावू. आजीव सभासदत्व देऊ."

"ताई, त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. हरभरा त्याच्यात मी पेरते!"

"आमच्याकडे कुणावर जबरदस्ती नसते, चंपाबाई. निर्णय शेताचा आहे."

चंपाबाईंना रडू फुटलं. सासू गेली तेव्हासुद्धा त्या इतक्या रडल्या नव्हत्या. "अरे, तुझ्यावाचून मी काय करू? मला दुसरं काही येत नाही रे!"

शेतानं खांद्यावरची शाल नीट केली आणि वेटरला बोलावलं. "या बाई जरा भावुक झाल्यात," ते म्हणालं. "यांना पाणी द्या."

कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून क्लबानं प्रत्येक शेतकऱ्याला एकेक कुंडी भेट दिली. मनानं दिलदार माणसं. चंपाबाई रिकाम्या टेम्पोत कुंडी मांडीवर घेऊन गावी परतल्या. भिवाजींचा डोळा लागला होता आणि तेवढ्या वेळात रंगनाथनं बांध त्यांच्या उशापर्यंत आणला होता.

"शेत कुठाय?" भिवाजींनी डोळे चोळत विचारलं.

"राहिलं तिकडंच. मोठं झालं ते."

भिवाजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. सकाळी चंपाबाईंनी कुंडीतलं शोभेचं रोप उपटलं, माती बोटानं उकरली आणि तीत गहू पेरला.

दुपारपर्यंत रंगनाथनं आपला बांध चारी बाजूंनी पक्का केला, कुंडीपासून वीतभर जागा सोडून.

"अगदी लागून घातला असता तरी काय केलं असतंत वहिनी?" तो म्हणाला. "पण म्हटलं, शेजारधर्म आहे."

चंपाबाईंनी त्याला चहा दिला.