नवा खुबा, जुना नवरा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी लाजत नाही! शाळेच्या मैदानावर उन्हातान्हात पोरांना कवायत शिकवण्यात जिची हयात गेली, तिला कसली आलीय लाज? हेडमास्तरांना तोंडावर ऐकवलंय मी. तेव्हा डॉक्टरला एक साधा प्रश्न विचारणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी समजून चालले होते.

प्रश्न काय तेही सांगते, उगाच आडपडदा कशाला? माझा उजवा खुबा पार झिजला होता. कूस बदलली तरी कळ मस्तकात जायची. आमच्या ह्यांचा हात झोपेत चुकून लागला तरी मी अशी किंचाळायचे की शेजारच्या घरात दिवे लागायचे! हे बिचारे आधी पलंगाच्या कडेला सरकले आणि मग एक दिवस लोखंडी खाट टाकून बाहेरच्या खोलीत गेले ते गेलेच. तेव्हा मी ठरवलं, खुबा बदलायचा. लोकांना सांगितलं, जिने चढता यावेत म्हणून. जिने गेले खड्ड्यात! मला माझा नवरा खोलीत परत हवा होता. साठी उलटली म्हणजे काय माणसाचं लाकूड होतं?

ऑपरेशन झकास झालं. दुखणं गेलं. पण घरात सूनबाईंचं राज्य सुरू झालं. दवाखान्यातून निघताना मिळालेल्या सगळ्या सूचना तिने तोंडपाठ केल्या होत्या.

"आई, वाकू नका! आई, पायावर पाय नको! आई, दोन पायांमध्ये उशी ठेवूनच झोपायचं!"

मी जन्मभर पोरांच्या कानाशी शिट्टी वाजवली, तिची सगळी परतफेड ही पोरगी करत होती. आणि ती उशी! ही जाडजूड, त्रिकोणी, पट्ट्यांनी बांधायची. मी तिचं नाव 'सवत' ठेवलं.

उशी सुटली, काठी सुटली, मी अंगणात फेऱ्या मारू लागले. पण ह्यांची खाट काही हलेना. शेवटी मीच विषय काढला.

"अहो, आता अजिबात दुखत नाही."

"छान, छान," हे म्हणाले. हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून चिमट्याने कसलंसं चाक उचलत होते.

"छान काय? खाट आत आणा!"

"अगं, नवा पार्ट आहे. बसू दे नीट. घाई केली की घड्याळ कायमचं मागे पडतं."

"मी काय घड्याळ आहे?"

"डॉक्टर हो म्हणाले की आणतो," असं म्हणून त्यांनी भिंग न काढताच मान खाली घातली.

मला असा संताप आला! पण संतापापेक्षाही मनात दुसरंच खुपत होतं. मी ह्यांना नकोशी झालेय की काय? तेवढं एकदा कळलं पाहिजे होतं. म्हटलं, विचारतेच त्या डॉक्टरला, म्हणजे ह्यांना सबबच उरणार नाही!

तपासणीच्या दिवशी सूनबाई माझ्याआधी केबिनमध्ये घुसली. डॉक्टर तरुण, हसरा. जिने चढा, गाडीत बसा, पोहायला जा, विमानाने फिरा, सगळ्याला त्याची परवानगी.

"आणि बाकीचं?" मी घसा खाकरून विचारलं.

"बाकीचंही करा काकू! बागकाम करा!"

"तसं नव्हे. मी रात्रीचं म्हणतेय."

"रात्री बाथरूमला उठताना दिवा लावून उठा."

लगेच सूनबाई म्हणाली, "डॉक्टर, मी यांच्या खोलीतच झोपले तर?"

"उत्तम! फारच छान!"

झालं! गेले होते नवरा आणायला, आले सून घेऊन! त्या दिवसापासून ती माझ्या खोलीत गादी टाकून झोपायला लागली. मी नुसता पाय हलवला तरी "आई, काय हवंय?" म्हणून उठून बसायची. काय हवंय ते तुला काय सांगू, बाई! ह्यांना तर आयतंच कारण मिळालं. सून आत असताना सासऱ्याने खोलीत डोकावायचं तरी कसं?

पुढच्या तपासणीला मी पक्का बेत केला. सूनबाईला एक्स-रे आणायला पिटाळलं, ह्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि एकटी आत शिरले. दार लोटायचं राहिलं, हे मात्र रागाच्या भरात ध्यानात आलं नाही.

"डॉक्टर, माझं आणि माझ्या मिस्टरांचं..."

"भांडण झालं का?"

"नाही! आम्हाला दोघांना एकत्र..."

"फिरायला जायचंय? जा की!"

माझं डोकंच फिरलं. इतका शिकला, हाडं कापून जोडायला शिकला, आणि ह्याला एवढं कळू नये? मी उभी राहिले आणि माझा मैदानावरचा आवाज लागला.

"मला नवऱ्याबरोबर संसार करायचाय! नुसतं फिरायला नाही जायचं! आम्ही नवरा-बायकोसारखं जवळ आलो तर चालेल की नाही, ते सांगा!"

बाहेरच्या हॉलमध्ये कुणाची तरी काठी खाडकन पडली.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. "काकू, तुमच्या वयात..."

"माझं वय ऑपरेशन करताना आड आलं नाही, ते आत्ता कुठून आलं?"

मग मात्र तो खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "चालेल. केव्हाच चालत होतं. पहिले सहा आठवडे सोडले की तुमच्यासारख्यांना हरकत नसते. खुबा जास्त वाकवायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. पाठीवर झोपा, आधाराला उशी घ्या, दुखलं तर थांबा."

"मग हे आधी सांगायला काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती?"

"कुणी विचारतच नाही हो," तो पुटपुटला.

तणतणत बाहेर आले तर अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. म्हटलं, आता झाली शोभा! तेवढ्यात वॉकरवाले एक आजोबा पुढे झुकले. "ते उशीचं काय म्हणाले? नीट ऐकू नाही आलं." मागून एक बाई म्हणाली, "डावा खुबा असला तरी चालतं ना?" कोपऱ्यातल्या जोडप्याने तर खुर्च्याच जवळ ओढल्या. म्हणजे सगळ्यांनाच विचारायचं होतं आणि सगळे गप्प बसून होते! मी काठ्या-वॉकरसकट सगळ्यांना अर्धगोलात घेतलं आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं, खणखणीत आवाजात. दारात एक्स-रे धरून उभी असलेली सूनबाई छताकडे बघत होती. आमचे हे भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून उभे होते. कान लालबुंद.

बाहेर पडल्यावर मी ह्यांना गाठलं. "ऐकलंत?"

"अख्ख्या इमारतीने ऐकलं."

"मग? मी नकोशी झालेय का तुम्हाला?"

हे थांबलेच. हळूच म्हणाले, "वेडी आहेस का? माझा हात लागला की तू किंचाळायचीस. ते अजून कानातून जात नाही गं. आपल्यामुळे तुला दुखतं, हे सहन नाही होत मला."

माझा राग पार विरघळला. मग लगेच परत आला! "हे आधी बोलता येत नव्हतं? संध्याकाळच्या आत ती खाट मला आत दिसली पाहिजे!"

सूनबाईने गादी गुंडाळली. ह्यांनी दुसऱ्यांदा दाढी केली, शीळ घातली आणि मुलाची वाट न बघता एकट्यानेच लोखंडी खाट उचलली. दारात ती तिरकी केली आणि कडाक्‌ असा आवाज झाला! मी घाबरून आधी माझा खुबा चाचपला. खुबा जागच्या जागी होता. हे मात्र खाट धरून कमरेत वाकले होते आणि त्यांना सरळच होता येईना.

दुसऱ्या दिवशी मुलाने त्यांना धरून त्याच हॉलमध्ये नेलं. तपासणी झाल्यावर मी तोंड उघडलं मात्र, डॉक्टरने दोन्ही हात वर केले. "सहा आठवडे, काकू! सहा आठवडे!"

ते वॉकरवाले आजोबा आजही हॉलमध्ये होते, त्यांनी केवढा सुस्कारा सोडला!

आता हे माझ्याच खोलीत, माझ्याच पलंगावर असतात. त्यांच्या गुडघ्यांखाली माझी सवत असते. झोपेत माझा हात चुकून लागला की हे असे किंचाळतात की शेजारी दिवे लागतात. परवा शेजारीण कुंपणापाशी भेटली. डोळे मिचकावून म्हणाली, "खुबा झकास बसलेला दिसतोय हं!"

मी, हेडमास्तरांना तोंडावर ऐकवणारी मी, मान खाली घालून घराकडे वळले. पदर सारखा केला आणि चक्क लाजले!