वरचा सांधा, खालचा सांधा

रविवारी दुपारी गुलेदमास्तर लेस्टरमधल्या आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून एल-गरस गावच्या नगराध्यक्षाला सोलून काढत होते. गाव तिकडे सोमालियात, नगराध्यक्षही तिकडेच, सुखरूप. पण मास्तरांचा आवाज असा चढला होता, की तो बिचारा समोर ओट्यावरच बसलाय असं वाटावं. ओट्यावर होता तो फक्त फोन, तांदळाच्या डब्याला टेकवलेला. घरात इंटरनेट धड चालायचं ते त्या एकाच कोपऱ्यात.

मास्तर एकेकाळी एल-गरसच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आता ते लेस्टरात शाळेची बस चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी फोनवरची 'एल-गरसचा पार' ही बैठक चालवायचे. जगभर पांगलेले गावकरी तिथे जमायचे. टोरोंटोचे टॅक्सीवाले, स्टॉकहोमच्या नर्सबाया, नैरोबीचे कापडवाले. ज्याला बोलायचं त्याने हाताचं चिन्ह दाबायचं आणि मास्तरांनी त्याला बोलू द्यायचं. म्हणजे निदान तसा नियम होता.

भांडण एकच, पाण्याचं. गावात नवी बोअर घेतली होती, तिला पाणीही लागलं होतं. पण वरच्या आळीच्या परदेशी मंडळींनी एक पंप पाठवला, तर खालच्या आळीच्या मंडळींनी इरेला पडून दुसरा पाठवला. बोअर एक, पंप दोन. एकाचा बसवला तर दुसरा रुसणार. त्यामुळे दोन्ही पंप नगरपालिकेच्या गोदामात ताडपत्रीखाली झोपले होते, आणि गावातल्या बायका गाढवांवर पिंपं लादून जुन्या विहिरीकडे जातच होत्या.

मास्तर वरच्या आळीचे. खालच्या आळीचा किल्ला मिनिआपोलिसहून दिरिये लढवायचा. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

"लांब्या, तुमचा पंप म्हणजे खेळणं आहे, खेळणं!" मास्तर गरजले.

"आणि तुमचा? तो सुरू करायला आधी वरच्या आळीतली सगळी तोंडं बंद करावी लागतील. नाहीतर पंप चालतोय की तुम्ही बोलताय, तेच कळायचं नाही."

"तुझं तोंड—" एवढ्यात मास्तरांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "थांब. नमाज पढून येतो. तोवर कुणी कुणाच्या आईबापावर जाऊ नका."

त्यांनी घाईघाईने आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. घोटाळा इतकाच झाला, की त्यांनी बंद केला तो पारावरच्या लोकांचा आवाज. स्वतःच्या घराचा तसाच चालू राहिला.

आणि त्याच वेळी बाजारातून हवेयो आली. मास्तरांची बायको. ती मूळची खालच्या आळीची, पण लग्नानंतर तिने आळीचं नाव काढलं नव्हतं, कारण घरात एकानेच काढलेलं पुरत होतं. पिशव्या घेऊन ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिचा पाय पचकन पाण्यात पडला. सिंकखालची नळी पुन्हा गळत होती.

बाहेर मास्तर नमाजाला उभे. त्यांना उत्तर देता येणार नाही हे हवेयोला पक्कं ठाऊक होतं. अशी संधी संसारात क्वचित येते.

"गळू दे!" ती कडाडली. "गळू दे पाणी! किती दिवस मी बादल्या ओतायच्या? बादली भरली की ओता, आणि पुन्हा बोलत बसा! बोलण्याने नळी बुजते का? आणि काम दिलंय कुणाला, तर त्या लिबानला. का? तर आपला आहे! आपला असला की हाताला अक्कल फुटते का? आला, सगळं उघडून ठेवलं, केळं-भात चेपला, तीन कप चहा ढोसला, आणि आपलाच पाना घेऊन गेला तो गेला! वर म्हणतो, वरचा सांधा चांगला आहे, दोष खालच्या सांध्यात आहे. काल तो दुसरा आला, तो म्हणतो खालचा चांगला, दोष वरच्यात. मला वरचं-खालचं सांगू नका! माझे पाय भिजतायत! घरात पाणी आहे आणि घोटभर प्यायला मिळत नाही. तुम्ही भांडा. मी चालले शेजारणीकडे, घागर घेऊन!"

आणि ती खरोखरच गेली. दार आपटल्याचा आवाज फार सुरेख आला, असं नंतर स्टॉकहोमच्या मंडळींनी कळवलं.

नमाज संपवून मास्तर परतले, फोनचा आवाज सुरू केला, तर पारावर चिडीचूप. मग मिनिआपोलिसहून, आयुष्यात पहिल्यांदाच, लांब्याचा हळू आवाज आला.

"मास्तर... ह्या बाई कोण?"

"कोण बाई?"

"ज्यांनी आत्ता हे ऐकवलं. वरचा सांधा, खालचा सांधा. अहो, आपल्या दोन आळ्यांवर इतकं नेमकं आजवर कुणी बोललेलं नाही. आणि शेवटी ती घागर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो."

टोरोंटोच्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. "गळकी नळी म्हणजे नगरपालिका, हे तर पोरालाही कळेल. पण तीन कप चहा म्हणजे तीन निवडणुका, हे किती जणांच्या लक्षात आलं?"

जिथे उंटाबद्दल रचलेल्या कवितेनेही सरकारं हादरायची, तिथली ही माणसं. सरळ बोललेलं त्यांना सरळ वाटतच नाही. मास्तरांच्या ध्यानात सगळा घोटाळा आला. खरं सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. पण पारावर आजवर कुणी त्यांचं असं कौतुक केलं नव्हतं, अगदी वरच्या आळीनेसुद्धा.

"घरातलीच आहे," ते विनयाने म्हणाले. "सुचतं कधी कधी. थोडं माझं मार्गदर्शन असतं."

"आणि लिबान कोण, मास्तर? नगराध्यक्षच ना?"

मास्तरांनी खोल आवाजात सांगितलं, "ज्याला कळायचं त्याला कळलं."

इथे खरी गाडी घसरली.

सोमवारी सकाळपर्यंत, पारावर कुणीतरी टिपून ठेवलेलं हवेयोचं भाषण नैरोबीच्या दुकानांतून वाजत होतं. मंगळवारी कुणीतरी त्याच्यामागे ऊद या तंतुवाद्याचे सूर घातले. बुधवारी एका तरुणाने त्यावर लांबलचक विवेचन केलं, त्यात केळं म्हणजे परदेशी मदत आणि भात म्हणजे जनता, असं सिद्ध केलं होतं. आणि गुरुवारी खुद्द नगराध्यक्ष सुगुल्ले यांनी खुलासा प्रसिद्ध केला. तो मोजून एक वाक्याचा होता. "मी कोणाचाही पाना घेतलेला नाही."

झालं! त्याआधी ज्यांना शंका होती, त्यांचीही खात्री पटली.

इकडे लेस्टरात खरा लिबान, मास्तरांचा चुलतभाऊ, खाटकाच्या दुकानात गेला तर खाटिक म्हणाला, "या नगराध्यक्ष! पाना आणलात का?" मशिदीबाहेर पोरं खिदळली. नैरोबीहून त्याच्या मामाचा फोन आला, की बाबा रे, जे घेतलंयस ते परत कर, खानदानाची अब्रू जातेय. शुक्रवारी संध्याकाळी लिबान पाना घेऊन हवेयोच्या दारात उभा राहिला. चेहरा असा, जसा काही बंदुकीच्या धाकाने आणलाय.

"वहिनी, चहा नको," तो आत येता येताच म्हणाला. "पाणीसुद्धा नको."

तो सिंकखाली शिरला आणि खुडबुड करू लागला. वरचाही सांधा कसला, खालचाही कसला. मधली नळीच चिरली होती. ती बदलली आणि गळती थांबली.

"आज काय एवढं सुचलं तुला?" हवेयोने विचारलं.

"काय सुचलं? वहिनी, अख्ख्या जगाने मला नगराध्यक्ष केलंय!" लिबानने ओल्या हाताने फोन काढला आणि ऊदच्या सुरांसकट तिला तिचाच आवाज ऐकवला.

हवेयोने दार आपटण्यापर्यंत सगळं, आणि त्यामागून आलेलं नवऱ्याचं 'थोडं माझं मार्गदर्शन'ही शांतपणे ऐकलं. मग बाहेरच्या खोलीकडे वळून ती फक्त म्हणाली, "गुलेद, इकडे ये."

मास्तर आले. येताना ते नेहमीपेक्षा बुटके दिसत होते.

"हे काय आहे?"

"लोकांना फार आवडलं," मास्तर पुटपुटले.

"आणि तुझं मार्गदर्शन काय होतं यात?"

"नळी... नळी मी दुरुस्त करून घेतली नव्हती, हेच."

लिबान तोंड फिरवून पाना पुसत राहिला. हवेयोला हसू येत होतं, पण ते तिने दातांखाली धरलं. "शनिवारी तुझा पार भरेल ना? मी बोलणार. हा तमाशा मीच मिटवते. तू बटणं दाब. बरोबर दाब."

शनिवारी पारावर एवढी गर्दी झाली, की मास्तरांचा फोन तापला. हवेयोने डोक्यावरची ओढणी सारखी केली. तिला कुणी पाहत नव्हतं, पण सवय.

"ऐका," ती म्हणाली. "त्या दिवशी मी बोलले ते माझ्या सिंकच्या नळीबद्दल. कविता नाही, काही नाही. लिबान माझा दीर आहे. काल तो आला, पाना परत दिला, नळी बसवली. आता गळत नाही. संपलं."

मग टोरोंटोच्या म्हाताऱ्याचा थरथरता आवाज. "लिबान आला! पाना परत दिला! मंडळी, नगराध्यक्ष शरण आला!"

एकच गलका झाला. कुणी अभिनंदन करतंय, कुणी दुआ मागतंय. हवेयोने कपाळाला हात लावला. "अरे, ही माणसं आहेत की काय!"

तेवढ्यात एक हात वर झाला. मास्तरांनी नाव वाचलं आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. खुद्द सुगुल्ले.

"मी शरण आलेलो नाही!" नगराध्यक्ष ओरडला. "आणि माझ्याकडे पाना नाही, हे मी शपथेवर सांगतो! माझी आई मला विचारते, पोरा, तू बाईचा पाना का घेतलास?"

"तुझी आई कोण रे बाळा?" हवेयोने विचारलं.

"हलीमो. विहिरीजवळ राहणारी."

"हलीमोचा तू! अरे, तुझ्या जन्माच्या वेळी मी तुमच्या घरी पाणी भरलंय. आई बरी आहे ना?"

"बरी आहे, आत्या," नगराध्यक्षाचा आवाज एकदम शाळकरी झाला. "पण गुडघे गेलेत, आणि तरी गाढवामागे चालत जाते. माझं ऐकत नाही. म्हणते, नगराध्यक्षाच्या आईने रांग मोडली तर लोक काय म्हणतील?"

हवेयोने विचारलं, "मग पंप का बसवत नाहीस?"

"कसा बसवू? वरच्यांचा बसवला तर खालचे फोन करून शिव्या देतात. खालच्यांचा काढतो म्हटलं तर वरचे. मास्तर तर मला रोजच भूगोल शिकवतात. मला झोप नाही, आत्या."

मास्तर छताकडे बघू लागले. पारावर कुणीच हात वर करेना. लांब्यासुद्धा नाही.

"दोन्ही पंप गोदामात आहेत ना? चालतात दोन्ही?"

"चालतात, आत्या."

"मग जो दाराजवळ असेल तो बसव."

"पण दाराजवळ तर—"

"थांब!" हवेयो इतक्या जोरात ओरडली, की तांदळाचा डबा हलला. "कुणाचा आहे ते सांगू नकोस. इथे सांगू नकोस, गावात सांगू नकोस, आईलाही सांगू नकोस. बसवायच्या आधी त्याला पांढरा रंग दे. दुसरा झाकून ठेव, पहिला बिघडला की कामाला येईल." मग ती पारावरच्यांना म्हणाली, "कुणाची हरकत आहे? असेल तर बोला. पण आधी हे सांगा, दाराजवळचा पंप कुणाचा?"

हरकत घ्यावी तर कशाला? आपलाच पंप असला तर? मिनिआपोलिसहून लांब्याने घसा खाकरला. "खालच्या आळीची... हरकत नाही."

सगळे मास्तरांसाठी थांबले. हवेयोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"वरच्या आळीचीही नाही," मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गावाहून चित्रफीत आली. पांढराधोट पंप धडधडत होता आणि नळाच्या तोंडातून पाणी उसळत होतं. पोरं त्याखाली नाचत होती. हलीमो कडेला खुर्ची टाकून बसली होती आणि मुलाला हातवारे करून काहीतरी सुनावत होती. त्या दिवशी पारावर वरची आळी खालच्या आळीचं मनापासून सांत्वन करत होती, आणि खालची आळी वरच्या आळीचं. आपलाच पंप बसला, याबद्दल दोघांचीही खात्री होती, त्यामुळे दोघेही दिलदार झाले होते.

मास्तरांनी मात्र ती चित्रफीत बोटांनी मोठी करून करून पाहिली. वरच्या आळीचा पंप निळा होता. दुकानात जाऊन तो त्यांनी स्वतः निवडला होता, हे ते पारावर दर आठवड्याला सांगत. खालच्यांचा हिरवा. आणि पांढऱ्या रंगात, खालच्या बोल्टपाशी, रंगवणाऱ्याचा ब्रश चुकला होता. तिथे करंगळीच्या नखाएवढा हिरवा ठिपका दिसत होता.

म्हणजे लांब्याचा! मास्तरांच्या कानशिलात रक्त चढलं. अख्ख्या जगात ही बातमी फक्त त्यांना कळली होती. इतक्या वर्षांत पारावर त्यांच्याकडे एकही पक्की बातमी आली नव्हती, आणि आली ती ही. त्यांनी हाताचं चिन्ह दाबलं. बैठक आता हवेयो चालवायची, स्वतःच्या फोनवरून. तिने नाव वाचून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं आणि बोलू दिलं.

"मास्तर बोलतायत! शांत रहा!" लांब्या म्हणाला. गडी आज भलताच खुशीत होता.

मास्तरांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. हलीमोने कुणाकडून तरी पेला मागून घेतला होता आणि ती डोळे मिटून पाणी पीत होती.

"मला एवढंच विचारायचं होतं," मास्तर म्हणाले, "पाणी गोड आहे का?"

गावाहून सुगुल्लेने उत्तर दिलं, "थोडं खारट आहे, मास्तर. पण चहाला चालतं."

"खारट?" टोरोंटोचा म्हातारा जागा झाला. "बोअरची जागा कुणी निवडली होती?"

एकदम चाळीस हात वर झाले. हवेयोने सुस्कारा सोडून खुर्ची ओढली, आणि मास्तर तिच्यासाठी चहा टाकायला उठले.