मॉलीची बदकं आणि सासूबाईंची पेटी

सणाच्या सोमवारी, ऐन सकाळी, मधमाश्यांनी अ‍ॅम्ब्रोजची बोटं फोडून काढली आणि विंडलकोट या इंग्लिश गावच्या मॉरिस नाचाचा, म्हणजे घुंगरू-रुमालांच्या लोकनाचाचा, वाजवणाराच गेला. म्हणजे माणूस धडधाकट होता. पण बोटं अशी टम्म फुगली होती, की व्हायोलिनच्या एका तारेवर बोट ठेवलं तर शेजारच्या दोन दबत होत्या.

"संध्याकाळपर्यंत उतरेल सूज," अ‍ॅम्ब्रोज पडल्या आवाजात म्हणाला.

"अरे, पण नाच दुपारी आहे!" हेडली ट्रँटरने पाय आपटला, आणि पिंढऱ्यांना बांधलेले घुंगरू घरभर वाजले.

हेडली गवताची छपरं शाकारायचा आणि नाचाचा म्होरक्या होता. नाचाचा शेवट 'मॉलीची बदकं' या चालीवर व्हायचा. ही चाल आसपासच्या सगळ्याच गावांत होती. पण प्रत्येक गावात तिचं वळण निराळं. हेडलीच्या मते विंडलकोटची तेवढी खरी, बाकीच्यांनी तिची नासाडी केलेली. सगळ्यांत जास्त टेकडीखालच्या नेदरस्टो गावाने. जत्रेत नेदरस्टोची मंडळी नाचायला उभी राहिली की हा बिअरच्या पिंपाकडे चालता व्हायचा.

आणि आता गावात वाजवू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. नेदरस्टोच्या थर्झाबाई. हेडलीच्या सासूबाई. लेकीकडे, मेरियलकडे, राहायला येताना त्या दोन मांजरं आणि एक कॉन्सर्टिना घेऊन आल्या होत्या, दोन्ही हातांत मावेल एवढी, बटणांची, भात्याची पेटी.

"सासूबाई, एक विनंती होती."

"जावईबापू विनंती करतायत! मेरियल, बाहेर जाऊन बघ गं, आभाळ जागेवर आहे का."

"दुपारी वाजवाल का? पण चाल आमच्या गावाची हं. नेदरस्टोची नको."

"इतकी वर्षं तुमचीच ऐकतेय की. झोपेतसुद्धा वाजवीन."

"झोपेत नको. जाग्या राहून वाजवा."

दुपारी चर्चसमोरच्या हिरवळीवर सगळं गाव जमलं. त्यात नेदरस्टोची मंडळीही ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसून आली होती, आणि त्यांचा म्होरक्या जेथ्रो हाताची घडी घालून अगदी पुढे उभा होता. हेडलीने सासूबाईंकडे एकदा डोळे वटारून पाहिलं आणि हातातले पांढरे रुमाल उडवले.

पहिला भाग झकास गेला. मग उडीची जागा आली. सहाही नाचणारे उडाले, आणि सूर थांबला. थांबला म्हणजे तिथेच लांबत राहिला. पुढचा सूर येईना. उतरायचं कधी, कुणालाच कळेना. हेडली लवकर टेकला. सायकली दुरुस्त करणारा ऑस्बर्ट, अंगाने पिंपासारखा, उशिरा टेकला तो हेडलीच्या पायावर. तिथून घसरून तो मागच्या टेबलावर गेला आणि पाद्रीबाबांच्या बायकोने केलेल्या जॅमच्या केकवर बसला. त्याचा रुमाल सुटला तो थेट पाद्रीबाबांच्या चहात.

"माझा केक!"

"मऊ झालाय, बाई!" ऑस्बर्ट उठता उठता म्हणाला आणि पाठीमागे जॅम घेऊन पुन्हा रांगेत शिरला.

'म्हातारीने दावा साधला,' हेडली मनात चरफडला. 'नेदरस्टोची चाल वाजवतेय, तीही जेथ्रोसमोर!' पण नाच मध्येच सोडायचा नसतो. दुसऱ्या फेरीत तीच जागा आली, तोच सूर तसाच लांबला. या वेळी सगळे सावध होते. जमेल तेवढी उडी ताणली, आणि थोडेफार मागेपुढे टेकले.

तिसऱ्या फेरीत हेडलीने विचार करणंच सोडलं. तो सूर आला आणि त्याने स्वतःला वर सोडून दिलं.

सहाही जण एकदम वर गेले. रुमाल पंखांसारखे पसरले. आणि घुंगरू गप्प झाले. इतकी वर्षं नाचून हेडलीला हे ठाऊकच नव्हतं, की माणूस हवेत असतो तेव्हा घुंगरू वाजत नाहीत. तो एकच सूर हिरवळीवर उभा होता आणि त्या सुराच्या टोकावर सहा जाडजूड, घामेजलेली माणसं जणू वजनच नसल्यासारखी तरंगत होती. हेडलीला चर्चचा मनोरा आपल्या खांद्याशी आल्यासारखा वाटला. मग सूर सुटला, सहा जोडी पाय एकदम जमिनीला लागले, आणि सगळे घुंगरू मिळून एकच घुंगरू वाजला.

जेथ्रोने डोक्यावरची टोपी काढली होती.

हेडली लंगडत सासूबाईंकडे गेला.

"मी हरलो, सासूबाई. तुमच्या गावाचीच चाल खरी. उगाच नावं ठेवली मी."

"कुठली चाल?"

"ती सुरावर थांबायची."

"आमच्याकडे कोण थांबतंय? नेदरस्टोत तिथे उलट धावत सुटतात! कधी उभं राहून ऐकलंत का, जावईबापू?"

"मग तुम्ही थांबलात का?"

"मी कुठे थांबले! हे मेलं बटण बघा. दाबलं की आत जाऊन बसतं. नखाने उचकटेपर्यंत सूर आपला चालूच. लाजेने मान वर करवेना मला. म्हटलं, आज जावई घराबाहेर काढणार."

ऑस्बर्टने खिशातून पेचकस काढला. "द्या इकडे, मिनिटात सरळ करतो."

"खबरदार!" हेडलीने पेटी हिसकावून छातीशी धरली. "त्या बटणाला हात लावशील तर!"

तेवढ्यात जेथ्रो आला. टोपी अजून हातातच होती.

"हेडली, तुमच्यात अशी वाजवतात हे कधी बोलला नाहीस. किती जुनी रे ही चाल?"

"आज दुपारची," हेडलीने खरं ते सांगून टाकलं.

जेथ्रोने टोपी डोक्यावर ठेवली. "सांगायचं नसेल तर नको सांगूस," तो दुखावून म्हणाला. "पण वाडवडिलांच्या गोष्टीची अशी चेष्टा करू नये."