पुंडलिकनानांची डाळ पाहणारी पेटी

पुंडलिकनानांच्या खिशात रुमाल नसायचा. काळ्या कापडाचा एक चौकोनी तुकडा असायचा. कुठेही गेले की मूठभर डाळ मागून घ्यायची, त्या कापडावर पसरायची आणि वाकून बघत बसायचं. त्यांच्या पुतण्यासाठी एरंडोलला मुलगी बघायला गेलो, तेव्हा चहा यायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरातून कच्ची तुरडाळ मागवली. मुलीचे वडील गोंधळले. नानांनी निवाडा दिला, "डाळीत तुकडा जास्त आहे, पण घर चांगलं आहे." लग्न ठरलं.

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी माल रवाना करायचो आणि नाना मालाची तपासणी करायचे. तपासणी म्हणजे दोन बाया दिवसभर ताटात नमुना घेऊन तुकडा, साल, डागी दाणा वेगळा करायच्या. नव्वद सालानंतर गावात कॉम्प्युटर दिसू लागले आणि नानांनी ध्यास घेतला, की ही पारख फोटोवरून करायची. प्लायवूडची पेटी, आत दोन ट्यूबलाइट, वर कॅमेरा, शेजारी जुना कॉम्प्युटर. फोटोत दाण्याला दाणा चिकटला की मशीन दोघांना एक समजायचं, म्हणून नाना बजावायचे, "डाळीला पंगतीत बसवा, गर्दीत नको." एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारलं की एकच उत्तर, "डोळा थकतो, भाऊ. फोटो थकत नाही." आम्ही या वाक्याची नक्कल करून हसायचो.

शेवटी शेठजी म्हणाले, बाहेरचा मोठा व्यापारी येतोय, त्याच्यासमोर दाखवा. जमलं तर ठेवू, नाही तर पेटी भंगारात. नानांनी नवा शर्ट घातला.

आणि तिथेच आमचा पाहुणचार आडवा आला. पाहुण्यांसमोर साधी डाळ कशी ठेवायची, म्हणून मुकादमानं नमुन्याला तेलाचा जास्तीचा हात फिरवला. डाळ आरशासारखी चमकू लागली. पेटीतल्या उजेडाची पांढरी रेघ प्रत्येक दाण्याच्या मधोमध पडली आणि मशीननं एकूणएक दाणा तुटका ठरवला. व्यापारी हसला. शेठजींनी भंगाराच्या ढिगाकडे बघितलं. मुकादम बिचारा कोपऱ्यात घाम पुसत होता.

नाना मुकादमावर डाफरले नाहीत. "चहा होईपर्यंत थांबा," म्हणाले आणि सायकलवर टांग मारून घरी गेले. परत आले ते पांढऱ्या कापडाचा एक तुकडा घेऊन, धुऊन धुऊन मऊसूत झालेला. तो त्यांनी ट्यूबलाइटखाली ताणून बांधला. उजेड निवला, चमक गेली. मशीननं सांगितलेला तुकडा आणि बायांनी हातानं निवडलेला तुकडा बरोबर जुळला. व्यापाऱ्यानं दुसरा नमुना दिला, तोही जुळला. शेठजी म्हणाले, पेटी ठेवायची, आणि त्या दोघी बायांना पॅकिंगला घ्यायचं. ही दुसरी गोष्ट नानांनी घातलेली अट होती. आपल्या माणसाचा एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर नानांची म्हातारी आई बसली होती. तीही एके काळी आमच्याच मिलमध्ये ताट घेऊन बसायची, हे मला त्या दिवशी कळलं. नजर आता इतकी अधू झाली होती, की पेढा तिच्या हातावर ठेवावा लागला.

ती नानांना अहिराणीत म्हणाली, "मनं जुनं लुगडं फाडं का रे? कोठे शे ते?"

"मिलमा शे, माय. तुनी जागावर बठेल शे."

नानांनी तिला सगळं समजावलं. पेटी कशी बघते, दाणे कसे मोजते. तिनं ऐकून घेतलं आणि आपल्या डोळ्यांवरून हात फिरवत विचारलं, "दिनभर देखीसन तेना डोया दुखतस का रे?"

"नही, माय," नाना म्हणाले. "तेना नही दुखतस."

मग त्यांनी खिशातलं काळं कापड काढलं आणि चष्मा पुसला. त्यानंतर मी "डोळा थकतो, भाऊ" या वाक्याची नक्कल कधी केली नाही.