ब्रेक कोणी दाबायचा?

मास्तरांनी नवी गाडी स्वतःच्या घराच्या फाटकावर घातली, तेव्हा गाडीत त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि खरी अडचण तीच झाली.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली गाडी शिकलेलं. पण शिकवायचं म्हणजे काय, तर शेजारच्या सीटवर बसायचं, वेळ आली की ‘ब्रेक दाबा’ म्हणून ओरडायचं, आणि शिकणारा फारच गडबडला तर आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे स्टिअरिंगशी मास्तरांचा संबंध उरला होता तो बोटानं दाखवण्यापुरता. हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्या सकाळी गाडी मागे घेताना फाटकाचा खांब आरशात मोठामोठा होत गेला, तेव्हा मास्तर सवयीनं खणखणीत आवाजात ओरडले, “ब्रेक दाबा!” आणि कोणीतरी दाबेल म्हणून वाट बघत बसले.

कोणी दाबला नाही. गाडीचा मागचा बंपर आत गेला, डिकीचं झाकण चेमटलं. खांबाच्या डोक्यावरचा शोभेचा सिमेंटचा गोळा जरासा डुगडुगला आणि वकीलकाकांच्या, पलीकडे लावलेल्या स्कूटरवर जाऊन पडला. वकीलकाका म्हणजे शेजारी. त्यांच्या अंगणात आपल्या झाडाचं पान उडून पडलं तरी ते कलम शोधायला आत जात. इथे तर अख्खा गोळा पडला होता.

मास्तरांना घाम फुटला तो मात्र वकिलांमुळे नाही. फाटकाला लागूनच स्कूलची पाटी होती आणि संध्याकाळपासून नवी बॅच सुरू व्हायची होती. ज्याला स्वतःच्या घरातून धड बाहेर निघता येत नाही, तो आम्हाला हमरस्त्यावर काय नेणार, असं एकदा लोकांच्या तोंडी झालं की स्कूलला टाळंच लावायचं. आयुष्यभर मिळवलेलं नाव त्या खांबावर येऊन आपटलं होतं.

आवाज ऐकून मास्तरांची बायको हात पुसत बाहेर आली. तिनं गाडीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि मग मास्तरांकडे.

“लागलं नाही ना तुम्हाला?”

मास्तरांनी मान हलवली.

“मग झालं तर. माझ्या भावाला फोन करा. फुल इन्शुरन्स आहे.”

तो फुल इन्शुरन्स हा मास्तरांच्या मनातला सल होता. मेहुणा विम्याचा एजंट. गाडी घेताना त्यानं विम्याचं काढलं, तेव्हा मास्तर मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते की कायद्यापुरता साधा विमा पुरे, फुल इन्शुरन्स कच्च्या हाताच्या माणसांसाठी असतो. बायकोनं भावाला बाजूला घेऊन हळूच ‘फुलच कर’ म्हणून सांगितलं होतं, आणि मास्तर त्यावर चार दिवस धुसफुसत होते. आता त्याच मेहुण्याला फोन लावायची पाळी आली.

मेहुणा माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला झाकण नाही. त्याच्या कानात शिरलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या नातेवाइकांच्या ताटात वाढलेली असे. त्यानं आधी धीर दिला. गाडीचं काम होईल, शेजाऱ्यांच्या स्कूटरचंही होईल, दाजी तुम्ही काळजी करू नका, म्हणाला. मग विचारलं, “गाडी चालवत कोण होतं?”

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, “तुझी ताई.”

ताई समोरच उभी होती. मास्तरांनी फोन छातीशी दाबला आणि तिच्यापुढे चक्क हात जोडले.

“बरं. मी तर मी,” ती म्हणाली. “एवढं स्कूल उभं केलंत, ते खांबापायी पडायला नको.”

कागदावर यात काही अडत नव्हतं. लग्न नवं असताना मास्तरांनीच हौसेनं ओळखीपाळखीनं तिचं लायसन्स काढून दिलं होतं आणि त्यानंतर ‘घरात एक ड्रायव्हर पुरे’ म्हणून तिला किल्लीला हातही लावू दिला नव्हता. लायसन्स तेवढं वेळच्या वेळी नवं होत असे.

तेवढ्यात अर्धी दाढी झालेले वकीलकाका स्कूटरपाशी येऊन उभे राहिले. नुकसानभरपाईच्या दोन वाक्यांनंतर त्यांनी आपण प्रत्यक्ष साक्षीदार असल्याचं जाहीर केलं. दाढी करताना त्यांनी सगळं ऐकलं होतं. मास्तर बिचारे ‘ब्रेक दाबा’ म्हणून ओरडले, पण वहिनींनी दाबला नाही. वकिलाच्या साक्षीनं मास्तरांना इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पण खोट्याला पाय फुटले. मेहुण्यानं आईला सांगितलं, आईनं फोन करून लेकीला झापलं. मग मावशीचा फोन आला, मग मामींचा. दुधवाल्यानं वहिनींना पायी चालण्याचे फायदे समजावून दिले. जुन्या बॅचची मंडळी आली, तेव्हा तर मास्तरांना राहवलंच नाही. खांब आयता समोर होता आणि शिकवणं अंगात भिनलेलं. त्यांनी सगळ्यांना खांबाभोवती उभं करून तासच घेतला. इथे मान वळवायला हवी होती, नुसत्या आरशावर भिस्त ठेवली, आणि ऐन वेळी पायाला ब्रेक सुचला नाही.

“मॅडम फार घाबरल्या असतील ना, सर?” बँकेत नोकरी करणाऱ्या एका मुलीनं विचारलं.

“फार,” मास्तर सुस्कारा टाकत म्हणाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांड्यांचा आवाज एकदम वाढला. दुपारी जेवताना बायको वाढत होती. मास्तरांचा घास तोंडाशी गेला तेव्हा ती म्हणाली, “मी फार घाबरले होते म्हणे.”

“अगं, शिकवताना ओघात निघून गेलं.”

“ओघात,” ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात अजून एक पोळी टाकली. मास्तरांना स्वतःची लाज वाटत होती, मनापासून वाटत होती, पण लाज वाटणं वेगळं आणि चारचौघांत कबूल करणं वेगळं.

संध्याकाळी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. माणूस शांत होता. जन्मभर पोचे बघून त्याचा चेहराही कशानंच न दचकणारा झालेला. नवी बॅच अंगणात जमली होती, जुनी मंडळीही बघायला पुन्हा आली होती आणि वकीलकाका दाढी पूर्ण करून भिंतीपलीकडे हजर होते. सर्व्हेअरनं फोटो काढले, गाडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “वहिनी, कसं झालं ते जरा करून दाखवता? गाडी होती तिथून हळूहळू मागे आणा.”

मास्तरांनी मनात हिशोब केला. हिला गाडी येत नाही. आता ही उरलेला खांब पाडणार, नाहीतर स्वतःला लावून घेणार. ते घाईघाईनं पुढे झाले. “मी दाखवतो की.”

“तुम्ही कुठे चालवत होता?” सर्व्हेअर म्हणाला.

मास्तरांनी खरं सांगायला तोंड उघडलं, अगदी उघडलं होतं, पण तोवर बायकोनं किल्ली घेतली होती. ती गाडीत बसली. पाय पोचेनात, म्हणून सीट पुढे ओढली, अजून थोडी ओढली. आरसा वळवला, मान वळवली, आणि गाडी आधी होती तिथे नेऊन लोण्यातून सुरी फिरावी तशी मागे आणली. खांब आणि स्कूटर यांच्या मधून ती रस्त्यावर गेली, वळली आणि परत येऊन अंगणात उभी राहिली. कशाला धक्का नाही की काही नाही. बँकेतल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

मास्तरांचा आ वासलेला होता. “अगं, तुला गाडी येते?”

“पलीकडच्या गल्लीतल्या बाईंच्या स्कूलमध्ये शिकले.”

“मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं.”

“तुम्ही ओरडता.”

सर्व्हेअर अजून सीटकडेच बघत होता. “वहिनी, तुमच्या हातून हा खांब लागणं कठीण आहे. आणि सकाळी इतक्या मागे असलेल्या सीटवरून तुमचा पाय ब्रेकपर्यंत पोचला कसा?”

भिंतीपलीकडून वकीलकाकांनी उलटतपासणी सुरू केली. “मग मास्तर, ‘ब्रेक दाबा’ हे तुम्ही कोणाला म्हणालात?”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं अजूनही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. तिनं नुसतं ‘मला’ म्हटलं असतं तर कदाचित निभावलंही असतं, पण तिला पुन्हा एकदा पुढे करणं मास्तरांच्यानं होईना.

“मलाच,” ते म्हणाले. “गाडीत मी एकटाच होतो. सवयीनं ओरडलो आणि वाट बघत बसलो. सकाळी मी खांबापाशी शिकवलं ते सगळं बरोबर होतं. फक्त नाव चुकीचं सांगितलं. हिची काही चूक नव्हती.”

हसण्याचा असा काही लोट उठला की वकीलकाकांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. बायकोही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते.

“सही व्हायच्या आत बोललात ते बरं केलंत,” सर्व्हेअर म्हणाला. “खोटं लिहून दिलं असतंत तर क्लेमही गेला असता. आता तुमच्या नावानं लिहितो.”

“म्हणजे पैसे मिळतील?”

“का नाही मिळणार? मास्तर लोकांनी चुकायचं नाही असं विम्यात कुठे लिहिलंय? हात कच्चा असो की पक्का, खांब सगळ्यांना सारखाच लागतो. वकीलसाहेबांची स्कूटरही यातच दुरुस्त होईल.”

“आणि अब्रू?”

“ती आमच्याकडे येत नाही.”

वकीलकाकांचा चेहरा मात्र हातातला खटला गेल्यामुळे थोडा उतरला. सर्व्हेअरनं कागद बॅगेत भरले, पण तो निघेना. शेवटी मास्तरांना जरा बाजूला घेऊन म्हणाला की बायकोला गाडी शिकवायला त्यानं स्वतःच घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात बोलणं बंद आहे. तिच्यासाठी इथे जागा आहे का?

मास्तर सावरले. कॉलर नीट करून ते बॅचच्या वेळा सांगायला लागले.

सर्व्हेअर खाकरला. “तुमच्याकडे नाही. वहिनींकडे म्हणतोय मी.”

मास्तरांचा कॉलरवरचा हात खाली आला. मग ते बायकोकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुझ्या बॅचमध्ये यांच्या मिसेसचं नाव दुसरं घाल.”

“आणि पहिलं?” तिनं विचारलं.

“पहिलं माझं.”

“आधी सगळे चहा घ्या,” ती म्हणाली. “आणि गाडीत ओरडलेलं मला चालणार नाही, हे तुम्हा दोघांनाही आत्ताच सांगून ठेवते.”

मास्तरांनी आणि सर्व्हेअरनं एकदमच मान डोलावली.