गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या लाल खुणा

चौसाळ्याबाहेरच्या त्या अकरा घरांच्या वसाहतीत सकाळचे ऊन कधीही घाईने येत नसे. आधी ते विद्यापीठ उपकेंद्राच्या पाण्याच्या टाकीवर थांबे, मग ओढ्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटांवरचे वाळके गवत सोनेरी करीत सरके, दोरीवरच्या गोधडीपाशी थोडे रेंगाळे आणि अखेर रामेश्वरच्या कुंपणभिंतीवर पसरे. उपकेंद्राच्या ग्रंथालयात नोकरी करणारा हा अबोल तरुण रोज ओट्यावर चहा घेत ते येणे पाहत असे. ज्याच्याशी काही बोलावे लागत नाही असा तो एकच पाहुणा होता. आज मात्र ऊन भिंतीच्या तळाशी पोचले आणि तिथे सात लाल फराटे उजळले.

तीन आठवड्यांपूर्वी वर्तमानपत्रात सूचना आली होती: उपकेंद्राच्या विस्तारासाठी गट क्रमांक १४२ (भाग) रहिवासी विभागातून वगळून शैक्षणिक वापराकडे वळवण्याचे योजिले आहे. वसाहतही त्याच गटात होती. त्यातला कोणता भाग, हे बीडच्या कचेरीतला नकाशा पाहिल्यावरच कळले असते. नको ते कळेल म्हणून कोणीच गेले नव्हते. आणि काल मोजणीवाले यंत्र लावून गेले होते.

"आई, घरावर खुणा केल्या गं त्यांनी."

भिवराबाई पदर खोचत बाहेर आली. "आगं बया! घर जातंय म्हण की!"

शेजारचे शहादेवकाका, एसटीतले निवृत्त कंडक्टर, बनियनवरच धावले. "माज्या भितीला एकच हाय. तुज्या भितीला सात. म्हंजी पाडायला पयली तुजी."

"सातचा अर्थ तोच कशावरून, काका?"

"तू तितं कामाला हाईस, आन मलाच इचारतोस व्हय बे?"

काकांनी आपली खूण चुन्याने झाकून टाकली. मग सरकारी खूण पुसणे हा गुन्हा असावा, असे सुचून त्यांना घाम फुटला. सुनेचे कुंकू तेलात कालवून त्यांनी ती पुन्हा काढली, पण घाईत एकीच्या दोन झाल्या. "आरारा! आता माजा दुसरा नंबर लागला की रं!"

चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या रामेश्वरवरच वसाहतीने हरकतीचा अर्ज सोपवला. त्याने चार पाने लिहिली. आरंभ सकाळच्या उन्हापासून होता. तिसऱ्या पानावरील वाक्य त्याने आईला दोनदा वाचून दाखवले: ‘ज्या वाटेने कुणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या वाटेवर दुसऱ्याने भिंत उभी करणे हा न्याय नव्हे.’

"लई ग्वाड लिवलंस," डोळे पुसत भिवराबाई म्हणाली. "पर घर द्यायचं न्हाई, असं कुटं लिवलंस?"

दहाच्या सुमारास कालच्या मोजणीवाल्यांतला भूमापक त्रिंबक टेप आणि नकाशा घेऊन परतला. रामेश्वरने अर्ज पुढे केला.

"ऊन... टाकी... गोधडी..." त्रिंबक पाने उलटू लागला. "भाऊ, यात गट नंबर कुठंय?"

"नंबर जाऊ द्या, सायब, ह्या खुणा बगा!" काका म्हणाले.

त्रिंबक वाकला. "आम्ही खुंट्या ठोकतो हो काका, घरं रंगवत नाही. अन् रंगवली असती तरी गुडघ्याखाली कावून?" त्याने नकाशा ओट्यावर पसरला. "हा ओढा. बदल ओढ्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटांत. तुमची अकराही घरं रहिवासीच."

भिवराबाई पायरीवर मट्कन बसली. "सुटलो रं देवा!" काकांनी भिंतीवरचे कुंकू बोटाने निपटून थेट आपल्या कपाळी लावले. रामेश्वरलाही एकदम इतके हलके वाटले, की थंड झालेला चहा त्याने एका घोटात संपवला.

एवढ्यात घंटा वाजल्या. सटवा धनगर मेंढरे घेऊन भिंतीलगतच्या वाटेने येत होता आणि प्रत्येक मेंढराच्या कुशीवर लाल फराटा होता.

"काल सांजच्याला खुणंचा रंग लावला," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर वळखाया. वल्लाच व्हता."

"पर ह्येच्याच भितीला सात कावून?" काकांना अजून कोडे होते.

सटवा घुटमळला. त्या भिंतीवर रामेश्वरने सुवाच्य अक्षरांत पाटी लावली होती: ‘मेंढ्यांनी भिंतीला अंग घासू नये.’ गेली तीन वर्षे मेंढ्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले होते.

"तितं वाट आवळती, दादा. घासल्याबिगर मेंढरं निगतच न्हाईत."

त्रिंबकने नकाशा पुन्हा उलगडला. वाटेपलीकडच्या बांधाच्या दगडापासून टेप ताणला आणि भिंतीला टेकवला. रामेश्वर पाण्याच्या टाकीकडे पाहू लागला.

"नकाशात वाट पंधरा फूट आहे," त्रिंबक म्हणाला. मग त्याने अर्जाचे तिसरे पान काढले आणि मोठ्याने वाचले, "‘...त्या वाटेवर दुसऱ्याने भिंत उभी करणे हा न्याय नव्हे.’ छान लिहिलंय, भाऊ. कचेरीत आवक नोंदवू का?"

"नको," रामेश्वर म्हणाला. "तो अर्ज परत द्याल का?"

अर्ज मिळाल्यावर त्याने त्याची घडी केली, खिशात ठेवली आणि जाऊन पाटी उतरवली. तीन वर्षांपूर्वी पायाची दोरी धरताना गवंडी जे म्हणाला होता, ते आईनेही दोनदा सांगितले होते. घर शाबूत होते. ऊनही होते तिथेच होते. भिंत चार फूट वाटेत होती.